आफ्रिका शिकवणाऱ्या आमच्या नरवाडे मॅडम

नरवाडे मॅडमची पहिली भेट मला जवळजवळ रिकाम्या वर्गात झाली. किनवटला पदवी घेऊन मी एम.ए.साठी नांदेडला आलो होतो. प्रवेशाच्या दिवशी गाडी उशिरा पोचली आणि मी विभागात जाईपर्यंत स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडणाऱ्या विषयांच्या जागा भरून गेल्या होत्या. खिडकीतले कारकून म्हणाले, "आता आफ्रिकाच हाय बगा. घेता का?" मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एकटाच बसलो होतो. तास काही होत नाही, असे वाटत असतानाच पांढऱ्या सुती साडीतल्या, हातात खडूचा डबा घेतलेल्या डॉ. शकुंतला नरवाडे आत आल्या. त्यांनी माझे नाव विचारले, गाव विचारले, आणि फळा पुसायला घेतला.

"मॅडम, एकट्यासाठीच शिकवणार का?" मी विचारले.

"एकटा का असंना, आलास ना? बस."

मग त्यांनी कुठेही न पाहता फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला. मला वाटले, आता देश दाखवतील. पण त्यांनी नद्या काढल्या. नाईल, नायजर, काँगो, झांबेझी. नद्यांच्या काठांनी कुठे कोणती माणसे राहत, काय पिकवत, कुणाशी व्यापार करत, हे सांगण्यात सगळा तास गेला. शेवटी त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि नद्यांवरून, डोंगरांवरून सरळ रेषा मारल्या. "ह्या रेषा तिथं कधीही न गेलेल्या माणसांनी युरोपातल्या एका टेबलावर बसून मारल्या," त्या म्हणाल्या. "आता ह्या रेषांच्या आत राहून, तरीही एकत्र कसं यायचं, हा आपला वर्षभराचा विषय." आठवड्याभरात आणखी तिघे त्या वर्गात येऊन बसू लागले. मीच त्यांना बोलावून आणले होते.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मला लिहायला सांगितले, तेव्हा मला त्यांचे संशोधन किंवा त्यांनी भूषवलेली पदे आठवली नाहीत. ती माहिती इतर लेखांत येईलच. मला आठवल्या त्या त्यांनी जोडून ठेवलेल्या माणसांच्या गोष्टी. त्यांतली एक मी जवळून पाहिली आहे आणि ती सविस्तर सांगण्याची परवानगी मी मॅडमकडून घेतली आहे. ती देताना त्या एवढेच म्हणाल्या, "सांग, पण मला लई मोठं करू नको."

मॅडम हदगाव तालुक्यातल्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. घर बौद्ध, शिकण्याची ओढ मोठी. त्या काळी औरंगाबाद म्हणवणाऱ्या शहरात शिकत असताना ग्रंथालयात त्यांच्या हाती आफ्रिकेतल्या नव्या देशांच्या नेत्यांच्या भाषणांचा एक संग्रह लागला. इंग्रजी तेव्हा कच्चे होते. एकेका पानाला शब्दकोश उघडावा लागे. मी एकदा त्यांना विचारले होते की, नेमकी आफ्रिकाच का? त्यांनी सांगितले, "काल-परवापर्यंत ज्यांना कुणी माणसात धरत नव्हतं, ते लोक आपापल्या देशाच्या घटना लिहून राहिले होते. आणि नुसतं आपल्यापुरतं पाहून थांबले नव्हते. शेजाऱ्यालाही सोबत घ्यायचं म्हणत होते. मला वाटलं, हे तर आपलंच हाय."

या विषयावर मराठीत पुस्तक नव्हते. मॅडमनी स्वतः टिपणे लिहिली, सायक्लोस्टाइल करून वाटली. साठच्या दशकात आफ्रिकेतल्या नव्या देशांचे प्रमुख अदिस अबाबात एकत्र कसे आले, सगळ्या खंडाचे एकच सरकार आत्ताच हवे म्हणणारे कोण होते, आधी व्यापार, रस्ते, शिक्षण यांतून सावकाश जवळ येऊ म्हणणारे कोण होते, आणि शेवटी दोघांनाही मान्य होईल अशी एक सैलसर संघटना कशी उभी राहिली, हे त्यांनी इतक्या सोप्या मराठीत लिहिले होते की ती टिपणे माझ्या पाचवी शिकलेल्या वडिलांनीही वाचली.

परकीयांनी आखलेल्या सीमा स्वातंत्र्यानंतरही आहेत तशाच ठेवायच्या, असे आफ्रिकेतल्या देशांनी ठरवले. हा निर्णय आम्हाला काही केल्या पटत नव्हता. चुकीच्या रेषा पुसून का टाकल्या नाहीत? मॅडमनी उत्तर दिले नाही. रविवारी आम्हाला एसटीने देगलूरला नेले आणि तिथून पुढे पार सीमेपर्यंत. बाजाराचा दिवस होता. एक बाई भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करत होत्या आणि शेजारणीशी तेलुगूत बोलत होत्या. मॅडमनी त्यांना विचारले, "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

"पलीकडं, आंध्रात. सासर हिकडं. धाकटी बहीण बिदरकडं दिली. ती कानडी बोलती आता."

"मग ही सीमा हलवून तुमचं माहेर इकडं घेतलं तर?"

बाईंनी जरा विचार केला. "मंग माज्या जावंचं माहेर तिकडं जाईल की. तिनं काय पाप केलं?"

परतीच्या एसटीत मॅडम म्हणाल्या, "कुठंही रेष मारा, कुणाचं तरी माहेर पलीकडं राहतं. म्हणून ते म्हणाले, रेषा राहू द्या, येणं-जाणं सोपं करू. ते जमलं का, किती जमलं, ते आता वर्गात बघू."

दरवर्षी हिवाळ्यात त्या विभागाच्या सभागृहात आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांची अभिरूप परिषद भरवत. प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश मिळे. त्या देशावर वाचून आल्याशिवाय बोलायची परवानगी नसे. पहिल्या वर्षी हदगावचा बालाजी घानाचा अध्यक्ष झाला आणि उभा राहून म्हणाला, "आमच्या देशात यंदा कापसाला बोंडअळीनं घेरलंय." मॅडम मागून शांतपणे म्हणाल्या, "बालाजी, घाना म्हणजे हदगाव न्हाई. तिथं कोको पिकतो." सगळे सभागृह हसले. बालाजी पुढे कोकोवर इतके वाचून आला की आम्हाला त्याला थांबवावे लागले.

मला मात्र त्यांनी परिषदेचा अध्यक्ष केले. मी आश्रमशाळेत वाढलेला, चार लोकांत तोंड न उघडणारा. मी घाबरून नको म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "अध्यक्षानं कमीच बोलायचं असतं. तुला ते आधीच येतं." त्या एका वाक्याने माझा अबोलपणा हा दोष राहिला नाही. आज मी लातूरला वर्गापुढे उभा राहतो, याची सुरुवात त्या खुर्चीत झाली.

परिषदेत भांडणे होत. ठराव लिहिताना कुणी मोठमोठे शब्द घालू लागले की मॅडम सांगत, "सगळ्यांना सही करता येईल असं लिहा. छोटं असलं तरी चालंल."

त्याच काळात नांदेडजवळच्या विष्णुपुरीला अभियांत्रिकी शिकायला आफ्रिकेतली काही मुले आली होती. शहरात त्यांच्याकडे लोक वळून वळून पाहत. मॅडमना हे कळले तशा त्या मला घेऊन विष्णुपुरीच्या चहाच्या टपरीवर गेल्या आणि तिथे बसलेल्या दोन मुलांना म्हणाल्या, "मी इथं तुमच्या खंडाबद्दल शिकवते, पण तुमच्यातल्या कुणाशी कधी बोललेले नाही. येऊन सांगाल का, मी काय चुकीचं शिकवते ते?" एका प्राध्यापिकेने असे विचारलेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. त्या मुलांनीही नसावे. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग उठून उभे राहिले.

त्यांतला एक दावित, दुसरा योनास. दोघेही अदिस अबाबाच्या एकाच गल्लीत वाढलेले, एकाच शाळेत शिकलेले. दावितचे घराणे इथिओपियाचे. योनासचे आईवडील मूळचे इरिट्रियाचे. तो भाग पूर्वी इथिओपियातच होता, नंतर वेगळा देश झाला, पण योनासची विधवा आई अदिस अबाबातच राहत होती. दोघांनी नांदेडला एकच खोली घेतली होती. तीही त्यांना सहजासहजी मिळाली नव्हती. घरमालकीणबाई या मुलांना खोली द्यायला तयार नव्हत्या. मॅडम स्वतः गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचा मुलगा पुण्याला खोली शोधून राहिला होता, तेव्हा तुम्ही किती काळजीत होत्या ते मला ठाऊक हाय. ह्यांच्या आया तर समुद्रापलीकडं हायत." बाईंनी किल्ली काढून दिली.

रविवारी दोघे मॅडमच्या घरी जेवायला येत. मॅडम आणि त्यांच्या आई गयाबाई, दोघीच त्या घरात राहत. आम्ही सगळे गयाबाईंना आजी म्हणत असू. आजी आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची मऊ धिरडी करत. पहिल्यांदा ते धिरडे पाहिले तेव्हा योनास नांदेडी हिंदीत म्हणाला, "अम्मा, ये तो हमारे घर का खाना है." त्यांच्याकडेही तसेच आंबट धिरडे असते आणि सगळे घर एका मोठ्या ताटाभोवती बसून जेवते. दोघांनी वेगळी ताटे घेतली नाहीत. आजींनी वाढलेल्या एकाच ताटात ते जेवले, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे एकमेकांना घास भरवला. ते पाहून आजींनी त्या ताटात आणखी एक धिरडे वाढले.

मी एम.ए. संपवून मॅडमकडेच संशोधनाला लागलो होतो, तेव्हा त्या दोन देशांत युद्ध पेटले. कारण होते बाडमे नावाचे सीमेवरचे एक लहानसे गाव. दोन्ही देशांमधले टेलिफोन बंद झाले, टपाल बंद झाले. इथिओपियात राहणाऱ्या इरिट्रियन वंशाच्या लोकांना घरांतून काढून बसमधून सीमेकडे पाठवत आहेत, अशा बातम्या रेडिओवर येऊ लागल्या. योनासने आईच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. फोन कुणी उचलत नव्हते. त्या काळजीच्या दिवसांत दावित त्याला म्हणाला की, सरकारने काही कारण असल्याशिवाय असे केले नसेल. योनासने आपली बॅग भरली आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला.

पुढच्या रविवारी तो एकटाच मॅडमकडे आला. आजींनी नेहमीसारखे मोठे ताट मांडले.

"दुसरा कुठं हाय?" त्यांनी विचारले.

मॅडमनी आईला समजावून सांगितले की त्यांच्या देशांचे युद्ध सुरू आहे आणि म्हणून या दोघांचेही बिनसले आहे. आजींनी हातातले उलथने खाली ठेवले.

"देशाचं भांडण हाय तर देशानं भांडावं. ह्यांनी ताट कामून येगळं केलं?" त्या म्हणाल्या. "आमाला गावात येगळं बसवायचे, वरून वाढायचे. ते आमी काय मर्जीनं केलं न्हाई. हे लेकरं तर मर्जीनं येगळे होऊन राहिले."

मॅडमनी ते हिंदीत सांगितले. योनास मान खाली घालून बसला. त्याने त्या दिवशी धिरड्याचा एक तुकडाच खाल्ला.

मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याची घाई केली नाही. त्या आधी दावितच्या खोलीवर गेल्या. मी सोबत होतो. "योनासच्या आईचं काय झालं, ते तुझ्या घरच्यांना विचारशील का?" त्यांनी विचारले. दावितचा चेहरा उतरला. त्याने सांगितले की घरी त्याची आई एकटी आहे. ज्यांना नेले त्यांची चौकशी करणाऱ्यांकडेही लोक संशयाने पाहतात. टेलिफोनवर असे काही विचारणे तिला महागात पडेल.

मॅडम लगेच म्हणाल्या, "मग नको विचारूस. तुझ्या आईला त्रास होणार असेल तर मी योनासलाही तेच सांगेन."

परत येताना त्यांनी आपली लुना मोपेड एका चौकात थांबवली आणि मागे बसलेल्या माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "त्याची भीती खरी हाय रे. आपण इथं बसून त्याला भित्रा म्हणू नये." योनासलाही त्यांनी हेच सांगितले. त्याला ते ऐकवले नाही, तो उठून गेला. पण त्या खोटा धीर द्यायला तयार नव्हत्या.

काही दिवसांनी दावित स्वतःहून मॅडमकडे आला. त्याने आईची खुशाली विचारायला फोन केला होता. योनासच्या आईचे नावही त्याने काढले नव्हते. त्याची आईच सांगू लागली. बस आली त्या सकाळी तीच योनासच्या आईजवळ थांबली होती. तिने वाटेत खायला बांधून दिले, स्वतःची शाल दिली. जाताना योनासची आई म्हणाली होती की ती असमाराला चुलत भावाकडे जाईल, आणि योनासला कसेही करून कळवा. दावितची आई इतके दिवस मुलाच्या फोनची वाट पाहत होती.

"मी तिच्यासाठी भ्यालो, मॅडम, आणि ती कुणालाच भ्याली नव्हती," दावित म्हणाला.

"हे मला कशाला सांगतोस? जा, त्याला सांग."

"तो दार उघडणार नाही."

"मग दाराबाहेर उभा राहून सांग."

दावित गेला. योनासने दार उघडले नाही, पण आतून सगळे ऐकले. आईच्या चुलत भावाचे नाव कळले, तरी असमारात त्याला शोधणार कोण? इथे पुढे आला मोझेस. हा केनियाचा मुलगा नांदेडला फार्मसी शिकत होता. त्याचा थोरला भाऊ नैरोबीत मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेत होता आणि त्या संस्थेची माणसे असमारातही होती. मोझेसने मॅडमच्या घरून भावाला फोन लावला, नाव सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले. एकेकाळी एकाच देशात असलेल्या त्या दोन शहरांमधला एक साधा निरोप अदिस अबाबाहून नांदेडला आला आणि नांदेडहून नैरोबीमार्गे असमाराला गेला.

बरेच आठवडे काही कळले नाही. मग मोझेसच्या भावाचा निरोप आला. योनासच्या आई सापडल्या होत्या, त्यांच्या चुलत भावाच्या घरी सुखरूप होत्या, आणि शनिवारी दुपारी त्या मॅडमच्या नंबरवर फोन करणार होत्या.

त्या शनिवारी आम्ही सगळे मॅडमच्या बैठकीत बसलो होतो. दावितही आला होता, पण तो ओसरीवरच थांबला. फोन वाजला तेव्हा मॅडमनीच रिसीव्हर उचलून योनासच्या कानाला लावला. तो किती वेळ बोलला आणि किती वेळ नुसता ऐकत राहिला, सांगता येणार नाही. भाषा आम्हाला येत नव्हती. तरी आजी डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. मग योनास थांबला. त्याने बाहेर ओसरीकडे पाहिले आणि खोलीतल्या कुणाकडे न पाहता हिंदीत म्हणाला, "अम्मा पूछ रही है, दावित किधर है."

मॅडम उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी दावितला हाताने आत बोलावले. त्याने रिसीव्हर घेतला, एक-दोन शब्द बोलला आणि लहान मुलासारखा रडू लागला. नंतर आम्ही विचारले, काय म्हणाल्या रे त्या? तो म्हणाला, "विचारलं की माझं जेवण वेळेवर होतं का, आणि योनास मला त्रास तर देत नाही ना."

दोघांत लगेच सगळे सुरळीत झाले, असे मी लिहिणार नाही. योनास वेगळ्याच खोलीत राहिला. पण रविवारी दोघे येऊ लागले आणि आजींचे ते मोठे ताट पुन्हा बाहेर निघाले.

त्या वर्षीची परिषद याच युद्धावर होती. ती घ्यावी की नाही, यावर विभागात मतभेद झाले. जखमा ताज्या असताना हा खेळ कशाला, असे काहींचे म्हणणे. मॅडम आधी दावित आणि योनासकडे गेल्या. दोघे हो म्हणाले, फक्त आम्हाला कुठल्या देशाच्या खुर्चीवर बसवू नका, असे म्हणाले. मग इथिओपिया देगलूरच्या एका मुलीकडे आणि इरिट्रिया हदगावच्या एका मुलाकडे गेले. दावित आणि योनास श्रोत्यांत बसले, वेगवेगळ्या रांगांत.

बाडमे कुणाचे, यावर दुपारपर्यंत वाद चालला आणि कुठेच पोचला नाही. शेवटी गावाचा प्रश्न न्यायाधीशांवर सोपवावा आणि त्याआधी दोन्हीकडच्या ताटातूट झालेल्या माणसांची सोय करावी, एवढ्यावर आम्ही आलो. मसुद्यात वाक्य होते, 'युद्धामुळे घरे सोडून पळालेल्या निर्वासितांना टपाल व टेलिफोनची सोय मिळावी.' मी ते वाचून हिंदीतही सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतून दावित उभा राहिला.

"हा शब्द बदला," तो म्हणाला. "योनासची आई पळून गेली नाही. तिला तिच्या घरातून काढलं. माझी आई तिथं उभी होती."

 आपल्या देशाच्या सरकारबद्दल, युद्ध चालू असताना, दुसऱ्या देशांतली मुले समोर बसलेली असताना असे बोलणे त्याला किती जड गेले असेल, हे आमच्यातल्या प्रत्येकाला कळत होते. मी 'घरे सोडून पळालेल्या' खोडून 'घरांतून काढलेल्या' असे लिहिले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून योनास उठला. "आणि दोन्ही बाजूंना, असं लिहा. आमच्या बाजूला राहणाऱ्या त्यांच्या लोकांनाही काढलं आहे. तेही लिहा."

तो ठराव छोटा होता. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. श्रोत्यांनी सही करायची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी मॅडमनी दोघांनाही पेन दिले.

पुढे त्या दोन देशांत खरोखरच अल्जिअर्सला करार झाला. त्यासाठी आफ्रिकी देशांच्या संघटनेने फार खटपट केली होती. सीमेचा प्रश्न एका आयोगाकडे सोपवला गेला. आम्ही वर्गात हर्षभराने म्हणालो, "मॅडम, आपण लिहिलं होतं तसंच झालं." त्या हसल्या. "आपलं कोण ऐकून राहिलं होतं? त्यांनी त्यांचं केलं. पण असं करता येतं, हे तुमाला आधी ठाऊक होतं, एवढं खरं."

हा करार त्यांनी कधीही विजय म्हणून शिकवला नाही. आयोगाचा निर्णय येऊनही वर्षानुवर्षे सीमा बंदच राहिली, माणसे ताटातुटीतच म्हातारी झाली, तिथे नंतर पुन्हा रक्तपात झाला, हे त्या प्रत्येक बॅचला सांगत. एकमेकांच्या घरात लक्ष घालायचे नाही, या जुन्या नियमामुळे संघटनेने कुठे कुठे डोळे मिटून घेतले, तेही सांगत. नव्या शतकात संघटनेने नवे रूप घेतले, संहार होत असेल तर गप्प बसायचे नाही असे लिहून घेतले, तेव्हा त्या आनंदल्या, पण म्हणाल्या, "लिहिलं, बरं झालं. आता वागतात कसं ते पाहू." आपल्या आवडीच्या विषयाकडे इतक्या मायेने आणि तरीही इतक्या कठोरपणे पाहणारे माणूस मला दुसरे भेटलेले नाही.

मला लातूरला नोकरी लागली तेव्हा मीही तिथे तशी परिषद सुरू केली. पहिल्या परिषदेला मॅडम नांदेडहून एसटीने आल्या, पाहुण्यांच्या खुर्चीवर न बसता मुलींमध्ये जाऊन बसल्या. एक मुलगी भाषण विसरली, तर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पाणी पी. तुझा देश कुठं पळून जात न्हाई." ती मुलगी आज प्राध्यापिका आहे.

आजी आता नाहीत. त्या गेल्याचे कळले तेव्हा नैरोबीत इंजिनिअर असलेल्या योनासने आणि अदिस अबाबात शिकवणाऱ्या दावितने मॅडमना वेगवेगळे फोन केले, आणि दोघांनीही धिरड्यांची आठवण काढली. काही वर्षांपूर्वी त्या दोन देशांमधले टेलिफोन पुन्हा सुरू झाले, तेव्हा पहिल्याच दिवसांत दावितच्या आईने असमाराला फोन लावला. दोघी म्हाताऱ्या तासभर बोलल्या. ती बातमी द्यायला दावितने मॅडमना फोन केला आणि मॅडमनी मला. "बोलल्या रे दोघी," एवढेच त्या म्हणाल्या.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला नांदेडला गेलो. गुडघे दुखतात, पण टेबलाशी बसणे सुटलेले नाही. आफ्रिकी ऐक्यावरचे मराठी पुस्तक त्यांनी पूर्ण करत आणले आहे. शेवटचे प्रकरण तेवढे बाकी आहे. आता सगळ्या खंडाचा एक बाजार उभा करायचे चालले आहे, एका देशाच्या माणसाला दुसऱ्यात विनासायास जाता यावे यासाठी बोलणी चालू आहेत, कुठे सैन्याने सत्ता घेतली म्हणून शेजारी देश एकमेकांपासून दुरावतही आहेत. मी म्हणालो, "मॅडम, आता आटपा की. आम्हाला प्रकाशन करायचंय."

त्या चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "कसं आटपू? ते अजून करून राहिले. कालच एक नवीन बातमी आली. त्यांचं चालू असताना मी शेवट कसा लिहू?"

मॅडम, शेवट लिहूच नका. त्या खंडातल्या माणसांचे भले लवकर होवो, त्यांची माहेरे त्यांना मोकळी होवोत. आणि त्या वाटेवर पडणारे प्रत्येक पाऊल पाहायला, त्यावर खूश व्हायला आणि त्यातले चुकले ते मराठीत लिहून ठेवायला तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे बरे झाले की लातूरला या. यंदाच्या परिषदेत मुलांनी तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, मुलींच्या रांगेतच.